उभी गाडी काय खाते?

दसऱ्याला गाडी धुवायची, बॉनेटला झेंडूचा हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि घरातल्या थोरल्याने किल्ली फिरवायची. डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर मंदावतात, पुढून ‘खट’ असा एकच आवाज येतो आणि मग काहीच नाही. हार तसाच ठेवून चार जण मागून धक्का मारतात. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात हा प्रकार इतका अंगवळणी पडलाय की त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. ‘बॅटरी बसली’ म्हणतात आणि नवी आणतात. नवीही दोन-तीन महिन्यांत बसायला लागली की दुसऱ्या कंपनीची आणतात.

बॅटरी कुणी बसवली, हे विचारणारा माणूस क्वचित भेटतो. मला तो सौंसरमध्ये, नागपूर रस्त्यालगतच्या एका टपरीवजा दुकानात भेटला. गाड्यांचं वायरिंग हा त्याचा धंदा. नाव छापू नका म्हणाला, म्हणून त्याला वायरमनच म्हणतो; आजूबाजूचे लोकही तेच म्हणतात.

हा सगळा मुलूख मराठी बोलणारा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ मध्ये छिंदवाड्यातूनही हा भाग निघाला आणि पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कागदावरच्या या सगळ्या उलथापालथीत गाड्यांचं नातं मात्र नागपूरशीच राहिलं. स्पेअर पार्ट तिकडून येतात, जुन्या गाड्या तिकडून येतात, टेप बसवणारे कारागीर तिकडेच हात शिकून येतात.

आणि इथली मोटारकार उभी असते. शेतावर जायला मोटारसायकल, माल न्यायला पिकअप, बाकी कामाला ट्रॅक्टर. कार निघते ती नागपूरच्या दवाखान्यासाठी, लग्नसराईत, किंवा शनिवारी-मंगळवारी जामसावळीच्या हनुमानाला. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या सुमाराला तोडणीला येतो. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांचं लक्ष बागेत आणि भावाकडे असतं, आणि गाडी अंगणात आठ-आठ दिवस ताडपत्रीखाली. पुण्या-मुंबईत रोज पळणाऱ्या गाडीत जो दोष वर्षभर लपून राहील, तो इथे चौथ्या दिवशी उघडा पडतो. रोजची गाडी चोरीला गेलेला करंट डायनामोकडून रोज भरून घेते. उभ्या गाडीला भरून देणारं कुणी नसतं. (अल्टरनेटर हा शब्द इथे फक्त बिलावर असतो. तोंडात डायनामोच.)

मी दुकानात होतो तेव्हा पांढुर्ण्याहून एक गाडी टोचन करून आणलेली होती. साधी पेट्रोल हॅचबॅक, नागपूरहून जुनी घेतलेली, आरटीओची एनओसी वगैरे सगळं रीतसर. बरोबर संत्र्याची बाग असलेले एक काका आणि त्यांचा भाचा. तिसऱ्या दिवशी गाडी सेल्फ घेत नाही, ही तक्रार. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या.

“काकाजी, बॅटरीचा काही दोष नाई,” वायरमनने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं. “गाडी उभ्या उभ्या करंट खाऊन राहिली.”

“फास्टॅग खात असन का?” भाच्याने विचारलं.

ही शंका या भागात बरीच ऐकू येते. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. त्याच सुमाराला, टाळेबंदीनंतर, लोकांच्या बॅटऱ्या बसायला लागल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या. फास्टॅगला स्वतःची बॅटरी नसते आणि गाडीच्या वायरिंगशी त्याचा कसलाही संबंध नसतो. टोलनाक्यावरच्या अँटेनाकडून येणाऱ्या रेडिओलहरींवरच तो क्षणभर जागा होतो. काचेवरचा स्टिकर निर्दोष आहे.

टाळेबंदीचा धडा मात्र खरा होता. २५ मार्च २०२० पासून देशभर गाड्या जिथल्या तिथे थांबल्या, तोही उन्हाळ्याच्या तोंडावर. शिसे-आम्लाची बॅटरी काही न जोडताही आतल्या आत उतरत असते आणि तापमान दहा अंशांनी चढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो अशा या भागात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीच्या बॅटरीचं काय होत असेल, ते सांगायला नको. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी महिनाभर राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक बसतात. मग चार्जिंगला लावली तरी ती पूर्वीइतकं घेत नाही. म्हणजे चोर दुसराच असला, तरी वेळेत सापडला नाही तर बॅटरीही खरोखरच मरते. दुकानदार म्हणतो ‘बॅटरी खराब आहे’, आणि त्या घटकेला ते खरंही असतं.

हे तंत्र काही नवं नाही. गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाची पहिली पुन्हा भरता येणारी बॅटरी केली १८५९ मध्ये. मोटारीत तिला मानाचं स्थान दिलं ते चार्ल्स केटरिंगने: त्याचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारायची गरज सरली. आपल्याकडे हँडल बराच काळ टिकलं. जीप, ॲम्बेसेडर यांच्या डिकीत ते असायचंच, आणि बॅटरी बसली तरी दोन झटक्यांत गाडी सुरू व्हायची. उभं असताना त्या गाड्यांमध्ये घड्याळाखेरीज करंट खाणारं काही नसे. बहुतेकांत घड्याळही बंदच असे.

आजची गाडी किल्ली काढली म्हणजे बंद होत नाही. तिच्यात इंजिनाचा, दारांचा, एअरबॅगचा, अलार्मचा असे वेगवेगळे छोटे संगणक असतात. बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेल्या ‘कॅन’ नावाच्या पद्धतीने ते दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. गाडी लॉक केल्यावर ते एकेक करून झोपी जातात. काही गाड्यांत याला पाच मिनिटं लागतात, काहींत अर्धा-पाऊण तास. झोपेतही थोडा करंट लागतोच, कारण रिमोटची हाक ऐकायला कुणीतरी कान उघडा ठेवावा लागतो. निरोगी गाडीत हा खर्च वीस-तीस मिलिअँपिअर, फार तर पन्नास. त्याच्या वर गेला की शोध घ्यायचा.

वायरमनने आधी बॅटरी चार्जिंगला लावली आणि गाडीत दुसरी, भरलेली बॅटरी टाकली. उतरलेल्या बॅटरीवर मोजणीला अर्थ नाही, हे त्याचं पहिलं शास्त्र. जुन्या बॅटरीच्या झाकणावरचा हिरवा ठिपका पाहून भाच्याला ती ठणठणीत वाटत होती. सहा कप्प्यांच्या बॅटरीत तो ठिपका एकाच कप्प्याची हकिगत सांगतो. मीटर लावल्यावर ११.९ व्होल्ट आले. भरलेली बॅटरी शांत अवस्थेत १२.६ च्या पुढे असते, १२.२ ला निम्मी संपलेली असते, १२ च्या खाली जवळपास रिकामी. या आकड्यांत व्होल्टचे दशांश सांभाळावे लागतात. ‘बारा व्होल्ट दाखवतेय, म्हणजे चांगली’ असं म्हणणाऱ्याने मीटर खिशात ठेवलेला बरा.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते पाहताना पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. वायरमनने ड्रायव्हरचं दार उघडं ठेवलं आणि दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ते पुढे ढकललं. गाडीला वाटलं दार लागलं. केबिनचा दिवा विझला. बॉनेटच्या लॅचचंही तसंच. किल्ली दुकानाच्या मागच्या बाजूला, एका डब्यात. आता फ्यूजबॉक्सपर्यंत हात जाईल आणि तरी गाडी झोपेल. नवशिका मिस्त्री इथेच फसतो: दार उघडतो, मीटर लावतो, पाच-सहा अँपिअर दिसले की ओरडतो, ‘सापडलं!’ आणि मोजत असतो ते आतल्या दिव्याचं आणि जाग्या संगणकांचं खाणं.

मीटर लावायचा तो निगेटिव्हच्या टर्मिनलला, बॅटरी आणि केबल यांच्या मधोमध, म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधूनच गेला पाहिजे. घरच्या नळाला गळती आहे का हे पाहायला सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघतात, तसंच. केबल सोडवण्याआधी वायरमनने तिला आणि बॅटरीच्या खांबाला एक वेगळी वायर अडकवून ठेवली, मीटर जोडला, आणि शेवटी ती वायर काढून घेतली. हे कशाला, म्हणून मी विचारलं.

“करंट एक सेकंद तुटला का सारे कंप्यूटर नव्यानं जागे होतात. अडकलेला रिले बी सुटून जाते कधी. मंग चोरच पळाला ना भाऊ, काय पकडता?”

दुसरं पथ्य: मीटर मधे असताना किल्ली फिरवायची नाही. सेल्फला दीड-दोनशे अँपिअर लागतात, मीटरचा फ्यूज दहाचा. त्याच्या काउंटरवरच्या बरणीत असे जळके फ्यूज साठवलेले होते. ते शिकाऊ पोरांचे, असं त्याचं म्हणणं.

मीटरवर सुरुवातीला अडीच अँपिअर होते. चहा झाला. आकडा पायरी-पायरीने उतरला: दीड, ०.९, ०.५. मग ०.३८ वर येऊन थांबला तो थांबलाच.

०.३८ अँपिअर म्हणजे दिसायला काहीच नाही. पण चोवीस तासांनी गुणा: दिवसाला नऊ अँपिअर-तास. या गाडीची बॅटरी पस्तीसची. दोन दिवसांत निम्मी, तिसऱ्या सकाळी ‘खट’. काकांची तक्रार गणिताशी तंतोतंत जुळत होती. एरवी सगळे ज्याला घाबरतात, तो सेल्फ फार कमी खातो. दोनशे अँपिअर तीन सेकंद धरले तरी अँपिअर-तासाचा सहावा हिस्सा. हा चोर तेवढं अर्ध्या तासाच्या आत खात होता, रात्रंदिवस.

पुढची पायरी बहुतेक ठिकाणी अशी: एकेक फ्यूज उपटायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. चालते ही पद्धत, पण फ्यूज काढला-घातला की त्या त्या भागाचा संगणक जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास थांबा. वायरमन फ्यूज काढत नाही. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. फ्यूजमधून करंट जात असेल तर त्या दोन ठिपक्यांमध्ये अगदी किंचित व्होल्टेज पडतं, मिलिव्होल्टमध्ये. मीटरची दोन टोकं तिथे टेकवत तो ओळीने पुढे सरकला. शून्य, शून्य, शून्य, घड्याळाच्या फ्यूजवर पुसटसं काहीतरी, पुन्हा शून्य. पंधरा अँपिअरच्या एका निळ्या फ्यूजवर दीड मिलिव्होल्टच्या आसपास. तक्त्याप्रमाणे तीनशेच्या वर मिलिअँपिअर. झाकणाच्या आतल्या नकाशात त्यापुढे लिहिलं होतं: ऑडिओ.

डॅशबोर्डमध्ये मोठ्या स्क्रीनचा टेप होता, बाहेरून बसवलेला. तो ओढून काढल्यावर मागे वायरींचा गुंता. गाडीच्या टेपला दोन वायरींतून करंट येतो. पिवळीतून कायम, पण किल्ली काढल्यावर फक्त स्टेशनं आणि घड्याळ लक्षात ठेवण्यापुरता. लालमधून किल्ली फिरवल्यावर. टेपने सुरू व्हायचं की झोपायचं, हे लाल वायर ठरवते. इथे लाल आणि पिवळी एकत्र पिळून काळी टेप गुंडाळलेली होती.

असं का करतात, ते उघड आहे. गिऱ्हाइकाला किल्लीविना गाणी हवी असतात. वरातीत, सहलीत, शेतावर गाडीचं दार उघडं टाकून. बसवणाऱ्याला एक पीळ द्यायचा, दोन मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. बटण दाबून स्क्रीन काळी केली तरी आतला संगणक जागाच राहतो, कारण लाल वायरीत करंट आहे म्हणजे गाडी चालू आहे, असंच तो समजत असतो. टेप बसवणारा आणि बॅटरी विकणारा यांची कधी भेट होत नाही. पहिल्याने केलेलं दुसऱ्याच्या गल्ल्यात जमा होतं.

वायरमनने पीळ सोडला, लाल वायर तिच्या जागी नेली, टेप आत सारला. पुन्हा लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर, पुन्हा थांबणं. आकडा ०.०७ वर आला.

सत्तर मिलिअँपिअर. बहुतेकांनी इथे बॉनेट लावलं असतं, आणि गिऱ्हाइकाचीही तक्रार नसती. दहा दिवसांत निम्मी होणारी बॅटरी एवढी टोचत नाही. वायरमन मात्र डोकं खाजवत बसला. फ्यूजबॉक्समध्ये आता कुठेच लक्षात येण्याजोगं काही दिसत नव्हतं. म्हणजे खाणारा फ्यूजच्या अलीकडे, थेट मुख्य लाइनवर. तिथे मोजकेच संशयित असतात. पहिला डायनामो. त्यातले डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा फुटला की बॅटरीतलं उलटं वाहायला लागतं. वायरमनने मीटरवर नजर ठेवून डायनामोची जाड वायर सोडली. आकडा हलला नाही.

मग तो ड्रायव्हरच्या सीटसमोर आडवा झाला, डोकं पेडलांपाशी, पाय बाहेर रस्त्यावर, आणि स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक उतरवलं. किल्लीच्या स्विचकडे जाणाऱ्या जाड वायरीला एक बारीक वायर सोलून जोडलेली होती. ती पुढे जाऊन वायरींच्या जुडग्यात लपवलेल्या काळ्या डबीत शिरत होती. काडेपेटीएवढी डबी, त्यावर लुकलुकणारा लाल दिवा. जीपीएस ट्रॅकर.

काकांना काहीच कल्पना नव्हती. आधीच्या मालकाने गाडी कर्जावर घेतली होती एवढं कागदावरून कळत होतं. हप्ते थकले तर गाडी सापडावी म्हणून कर्ज देणाऱ्यांनी अशी डबी बसवायची रीत आहे. कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ भरून आरसीवरचं सावकाराचं नाव उतरतं. डबी उतरवायला कुठला फॉर्म नाही. आत सिम असतं. ते बंद पडलं असणार, आणि डबी बिचारी दिवसरात्र नेटवर्क शोधत असणार, हा वायरमनचा तर्क. सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क आधीच जेमतेम.

डबी सुटली. मीटर ०.०२ वर.

प्रत्येक वेळी चोर असा नाट्यमय नसतो. डिकीतला किंवा ग्लोव्हबॉक्समधला पाच वॅटचा बल्ब झाकण नीट न बसल्याने जळत राहतो आणि दिवसाला दहा अँपिअर-तास घेऊन जातो. बाहेरून तो दिसतच नाही. फोन आत ठेवून व्हिडिओ चालू करायचा आणि झाकण लावायचं, एवढ्यावर तो पकडता येतो. मागे बसवलेले एलईडी, डॅशबोर्डवरच्या गणपतीची माळ, पार्किंगमध्येही चित्रीकरण करणारा कॅमेरा, ओबीडीच्या खोबणीत खोचून विसरलेली डबी. बागेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदीर: वायरीवरचं आवरण कुरतडतात आणि उघडी तार बॉडीला टेकते. तंबाखूची पुडी बॉनेटखाली ठेवायचा इलाज घरोघर चालतो. उंदीर त्याला जुमानतात असं वायरमनला वाटत नाही.

सगळं झाल्यावर मजुरीचा विषय निघाला, आणि वातावरण जरा तापलं. वायरमनने सांगितलेली रक्कम नव्या बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ होती, पण काकांना ती पटेना.

“एक वायर सोडली अन् एक डबी काढली. सामान तर काहीच नाई टाकलं.”

“सामान टाकलं असतं तर दिले असते ना काकाजी? म्हणूनच तर दोनदा टाकलं लोकांनी.”

मला या भांडणात वायरमनची बाजू घ्यावीशी वाटते. आपल्याकडे बिलावर वस्तूला ओळ असते, शोधाला नसते. अर्धा दिवस मीटरकडे बघत बसणाऱ्याला लोक कामचुकार समजतात, आणि दहा मिनिटांत नवी बॅटरी बसवून देणाऱ्याला हुशार. त्यात जुनी बॅटरी परत दिली की शिशाच्या भावाने काही रक्कम वजा होते, त्यामुळे बदलणं स्वस्तातही पडल्यासारखं वाटतं. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा वापरात आणायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, हे चांगलंच. पण चांगली बॅटरी चार वर्षांऐवजी चार महिन्यांत भंगारात जाऊ नये, याचा नियम कुठे करणार? तिथे ०.३८ हा आकडा बघणारा कुणीतरी लागतो. शेवटी भाच्याने फोनवरून पैसे पाठवले, काकांच्या नकळत, पूर्ण.

दिवाळी संपली की गावी गाडी ठेवून परतणाऱ्यांनी वायरमनला हमखास विचारायचा प्रश्न म्हणजे, आता काय करू? आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवायला घरच्यांना सांगून जायचं, ही सार्वत्रिक पद्धत. त्याच्या मते तिचा उपयोग जवळपास नाही. जागेवर पाच मिनिटांत डायनामो फारसं काही भरत नाही. चालवायची तर वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे जामसावळीला जाऊन या. ते जमणार नसेल तर दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून ठेवायची. आधी निगेटिव्ह, आणि परत लावताना ती शेवटी. घड्याळ बिघडेल, काचा वर-खाली करायचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागेल, टेपला पासवर्ड असेल तर तो लिहून ठेवायचा. आणि डिकी विजेवर उघडणारी असेल तर पाना डिकीत टाकून ती बंद करायची नाही. गेल्या वर्षी एकाने नेमकं तेच केलं. वायरमनला सौंसरहून पांढुर्ण्याला जाऊन मागच्या सीटवरून आत रांगावं लागलं होतं, आणि त्याचे पैसे मात्र त्या गिऱ्हाइकाने काही न बोलता दिले.